तुटलेल्या सुयांची वही

कारखान्यात दीडशे मशीनं होती आणि दीडशे मशीनांच्या दीडशे सुया. सुई काही जन्मभर टिकत नाही. जाड शिवणीवर अडखळते, चेनच्या दातावर आपटते आणि मोडते. मोडली की बाईने मशीन बंद करायचं, सुईचे सगळे तुकडे गोळा करायचे आणि हॉलच्या कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी जायचं. तिथे सुईमावशी बसायच्या.

मावशी चष्म्यावरून बघायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "तुकडे आणलेस?"

बाई मूठ उघडायची. मावशी ते तुकडे पांढऱ्या कागदावर ओतायच्या, भिंग धरायच्या आणि चिमट्याने एकाला एक लावत जायच्या. नेढ्यापासून टोकापर्यंत सुई पुरी जुळली, की ती चिकटपट्टीखाली घेऊन वहीत चिकटवायची. शेजारी तारीख, वेळ आणि सुई कुठल्या मालावर तुटली ते लिहायचं. मग नवी सुई द्यायची. तुकडा कमी पडला, अगदी बाजरीएवढा, तरी तो माल जागेवर थांबायचा. लोहचुंबक घेऊन सगळ्या जणी जमिनीवर बसायच्या आणि तुकडा मिळेपर्यंत एक कपडा पुढे जायचा नाही. कारण कारखान्यात लहान मुलांचे कपडे शिवत. दोन वर्षांचं पोर टोचतंय म्हणून रडतं, पण काय टोचतंय ते त्याला सांगता येत नाही.

सुई कशी तुटली, कुणामुळे तुटली, लक्ष कुठे होतं, हे मावशींनी एकोणीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. नव्या सुपरवायझरला वाटायचं, बाई मऊ आहे. मऊ वगैरे काही नव्हती. एखादी पोरगी "असेल इथंच कुठंतरी" म्हणाली की मावशींचे कान लाल व्हायचे, आणि मग ती पोरगी आणि टेबलाखालची फरशी, असं दुपारपर्यंत चालायचं. पण ती सुटायची ती तुकडा मिळाल्यावर. नाव कुठे लागायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी त्या गोष्टीचा उल्लेखही व्हायचा नाही.

हे मावशी कुठल्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. बावीस वर्षांच्या असताना त्या स्वतः कॉलरच्या मशीनवर होत्या. एक दिवस सुई तर्जनीच्या नखातून आरपार गेली आणि मोडली. तेव्हाचा सुपरवायझर माणसाला हॉलच्या मधोमध उभं करून बोलायचा. त्या धसक्याने त्यांनी बोटाला चिंधी गुंडाळली, शेजारणीकडून सुई घेतली आणि शिवत राहिल्या. चौथ्या दिवशी बोट टोमॅटोसारखं सुजलं. स्टोअर आणि सुयांचं टेबल सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी ते पाहिलं. ते ओरडले नाहीत, का लपवलंस म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "तुकडे कुठायत, पोरी?" एक बोटातच होता, तो निघाला. टोक मात्र एका फ्रॉकात गेलं होतं, आणि फ्रॉक केव्हाच गाडीत चढून निघून गेला होता.

तो फ्रॉक कुणी घातला, मावशींना आजतागायत माहीत नाही. बोटाचं नख वाकडं वाढतं, ते कापताना दर आठवड्याला त्यांना त्या न पाहिलेल्या पोरीची आठवण होते. काका गेल्यावर त्यांचं टेबल मावशींनी मागून घेतलं. मावशींची निष्ठा म्हणा, हट्ट म्हणा, एवढाच होता: खरं सांगायला टेबलापर्यंत चालत येण्यापेक्षा जास्त कष्ट पडता कामा नयेत.

मग थोरले मालक घरी बसले आणि धाकटे मालक आले.

धाकटे मालक वाईट असते तर फार बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं. हे तर दारात उभं राहून प्रत्येकीला नमस्कार करणारे, कुणाच्या पोराला ताप आला तर स्वतःच्या गाडीने दवाखान्यात नेणारे. ते कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि तिथून डोळ्यांत एक चमक घेऊन आले होते. आल्या आल्या त्यांनी पॅकिंगच्या खोक्यांचं एक व्यासपीठ करवून घेतलं, वर माइक लावला, आणि रोज सकाळी काम सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं सगळ्यांना त्याच्यासमोर उभं केलं. त्याला नाव दिलं 'खरेपणाची पंधरा मिनिटं'.

पहिल्याच दिवशी त्यांनी मावशींना वर बोलावलं. "सत्य कसं असतं ते बघायला मी किती लांब गेलो," ते माइकवर म्हणाले, "आणि ते इथं कोपऱ्यात चिमटा घेऊन बसलं होतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींच्या हातात फुलं दिली गेली. फोटो निघाला. आठवड्याभरात तो फोटो दाराएवढा होऊन त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर लागला आणि खाली मोठ्या अक्षरांत आलं, 'आमचं खरेपण'.

तोपर्यंत मावशींना नुसतं अवघडल्यासारखं झालं होतं. खरा घोर लागला तो वहीत नवा रकाना आल्यावर. रकान्यावर लिहिलं होतं, 'कुणाकडून'. आदल्या दिवशीची नावं सकाळी मावशींनीच माइकवर वाचायची. जिचं नाव येईल तिने वर यायचं, मी चुकले म्हणायचं, का चुकले ते सांगायचं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्या कौतुकाच्या होत्या, हे धाकट्या मालकांनी तीनतीनदा समजावून सांगितलं. त्या कौतुकाच्या होत्या म्हणूनच जास्त लागायच्या. शिवी बाई विसरते. आपण वर उभ्या असताना दीडशे जणींनी आपल्या चुकीला वाजवलेल्या टाळ्या विसरता येत नाहीत. आणि तिसऱ्यांदा नाव आलं की बाईचं मशीन सुटायचं आणि आत्मचिंतनासाठी तिला खाली धागे कापायला बसवायचे. एकदा धागे कापायला गेलेली परत मशीनवर आलेली कुणी पाहिली नव्हती.

पहिल्या महिन्यात मावशींनी अकरा नावं वाचली. दुसऱ्या महिन्यात चार. तिसऱ्या महिन्यापासून एकही नाही.

धाकटे मालक हरखून गेले. मावशींच्या फोटोखाली त्यांनी एक पाटी लावली, 'एकही सुई न तुटलेले सलग दिवस', आणि पुढे रोज बदलायचा आकडा. सात झाले, वीस झाले, एकेचाळीस झाले. पाहुणे येत, पाटीसमोर उभे राहत, मग मावशींकडे वळून हात जोडत.

मावशींना माहीत होतं. न कळायला त्या काय आंधळ्या होत्या? दीडशे मशीनांवर एकेचाळीस दिवस सुई तुटत नाही, हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. बायका बाजारातून सुया आणून केसांच्या गाठीत खोचून ठेवत होत्या. तुटली की शेजारणीने आडोसा करायचा, हिने सुई बदलायची, तुकडे सापडतील तेवढे डब्याच्या झाकणात. राहिले तर राहिले. मावशी पाण्याला उठल्या की मशीनं एकदम नीट चालायला लागायची आणि गप्पा थांबायच्या. एकोणीस वर्षं ज्या मुठी त्यांच्यासमोर उघडत होत्या, त्या आता त्यांना पाहून मिटत होत्या.

घरीही सुख नव्हतं. मावशींचे यजमान टपालखात्यातून निवृत्त झालेले, दिवसभर रिकामे. त्यांनी फोटोची छोटी प्रत मागून आणली आणि बाहेरच्या खोलीत लावली. दाढी करायला गेले की न्हाव्याला सांगून यायचे, "आमची बायको खोटं बोलतच नाही. चाळीस वर्षं झाली, सहन करतोय." धाकटी बहीण नवा पडदा दाखवून म्हणायची, "ताई, तू खोटं बोलत नाहीस म्हणून विचारते, कसा आहे?" पडदा भयंकर होता. पूर्वी मावशी छान आहे म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. आता त्या चहाच्या कपाकडे बघत बसल्या आणि बहीण दोन महिने फिरकली नाही.

सगळ्यांत वाईट हे, की त्यांना स्वतःलाच त्या शब्दाची शिसारी यायला लागली. रोज सकाळी कर्ण्यातून 'खरेपणा, खरेपणा' ऐकलं की त्यांना आतून घाणेरडं वाटायचं. घरातलं रोजचं भांडं कुणी चौकात नेऊन हार घालून ठेवावं आणि मग त्यातून पाणी प्यायचीही चोरी व्हावी, तसं काहीसं. जी गोष्ट त्यांनी जन्मभर मुकाट्याने केली होती, तीच आता त्यांना करता येत नव्हती, आणि ती त्यांच्याच नावाने चालली होती.

एक दिवस धीर करून त्या धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, ती पाटी काढा. सुया तुटतायत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. सुई तुटतेच. बायका घाबरून सांगत नाहीत. तो नावाचा रकाना काढा, माझा फोटोही भिंतीवरून उतरवा. मग येतील."

धाकटे मालक खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि मावशींचे दोन्ही हात धरले. "मावशी, पाटीवर एकेचाळीस दिवस आहेत आणि तुम्हाला अजून वाटतं की तुमचं काम कमी पडलं. ही नम्रता मी कुठून आणू?"

"नम्रता नाही हो साहेब, मी सांगतेय ते ऐका. डब्यांची झाकणं उघडून बघा."

"झडती? बायकांची? तुम्ही तरी असं म्हणू नका," ते दुखावल्यासारखे म्हणाले. "विश्वास ठेवायचा म्हटलं की पुरा ठेवायचा."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माइकवर त्यांनी ही हकिकत सांगितली. झाकणांचं वगळून. दीडशे जणींनी टाळ्या वाजवल्या.

पाटीवर त्रेपन्न आकडा होता त्या दिवशी डावखुरी त्यांच्याकडे आली. ही पंचविशीतली पोर, डाव्या हाताने कात्री धरायची म्हणून हे नाव. जॅकेटच्या काखेची शिवण घालायची, अवघड काम, आणि तिच्याइतकं सफाईने कुणाला जमत नसे. तिची सासू त्याच हॉलमध्ये काजांच्या मशीनवर होती. डावखुरीचं नाव पहिल्या दोन महिन्यांत दोनदा वाचलं गेलं होतं. दोन्ही वेळा सासू पुढच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि दोन्ही वेळा घरी गेल्यावर आठ दिवस ती सुनेशी एक शब्द बोलली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत मावशी हात धुवायला गेल्या तेव्हा ती मागून आली. नळ मोठा सोडला आणि मूठ उघडली. मुठीत नेढ्याकडची अर्धी सुई होती.

मावशींच्या तोंडून सवयीने निघालं, "बाकीचे तुकडे?"

"टोक नाही सापडलं. काल संध्याकाळची गोष्ट. खूप शोधलं मावशी, शप्पत. मला वाटतं, आतच गेलं."

"कुठल्या मालात?"

"लाल जॅकेटात. छोट्या मापाच्या."

ती कापूस भरलेली जॅकेटं होती. टोक कापसात शिरलं की वरून हात फिरवून कळायचं नाही. धातू ओळखणारं मशीन होतं, पण या जॅकेटांना चेन होती आणि टिचबटणं होती, त्यामुळे ते प्रत्येकच जॅकेटावर वाजायचं म्हणून बाजूला सारलं होतं. सहाशे चाळीस जॅकेटं खोक्यांत बंद होऊन खाली उभी होती आणि दुसऱ्या दिवशी बाराला गाडी लागणार होती.

"माझं नाव तिसऱ्यांदा आलं तर मशीन जाईल," डावखुरी म्हणाली. "आणि घरी काय होईल ते तुम्हाला माहितीये. मी सांगणारच नव्हते. पण काल घरी पोराला स्वेटर घालताना..." तिने तोंडावर पाणी मारलं. "तुम्ही काहीतरी करा. पण माझं नाव नको."

खोकी उघडायची तर वहीत नोंद हवी. नोंद करायची तर रकान्यात नाव हवं. मावशी संध्याकाळपर्यंत त्या रकान्याकडे बघत बसल्या. नाव लिहिलं तर एक पोर धागे कापायला जाते, आणि तीही विश्वासाने सांगायला आलेली. नाही लिहिलं तर एक पोर ते जॅकेट घालतं. याच्यामध्ये जागाच नव्हती. पूर्वी एकोणीस वर्षं इथे लांबरुंद जागा होती, दीडशे बायका मावतील एवढी. ती कुणी आणि कधी बुजवली?

घरी त्यांनी यजमानांना निम्मंच सांगितलं, कुणाचं तरी संकट आहे म्हणाल्या. यजमान आमटीत पोळी बुडवत म्हणाले, "त्यात काय, तू खरं ते सांगून टाक. तुला दुसरं येतंच काय?" आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून हसले. मावशी ताटावरून उठल्या.

सकाळी माइकसमोर वही उघडून धाकटे मालक म्हणाले, "चौपन्नावा दिवस." टाळ्यांना सुरुवात होणार तेवढ्यात मावशी खोक्यांवर चढल्या.

"परवा दुपारी," त्या म्हणाल्या, आणि आपला आवाज कर्ण्यातून आलेला ऐकून क्षणभर थांबल्या, "एका लाल जॅकेटाची शिवण उसवली होती. मी रिकाम्या मशीनवर बसले आणि ती घातली. सुई तुटली. टोक मिळालं नाही. मी सांगितलं नाही. ती खोकी उघडा."

मावशी आयुष्यात लोकांसमोर एवढं सरळ, एवढं न अडखळता खोटं कधी बोलल्या नव्हत्या. त्यांना वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, मावशी, तुम्ही परवा दुपारी टेबलावरून उठलाच नव्हता. बायकांना ते माहीत होतं. निदान वीस जणींना नक्की माहीत होतं. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळा हॉल वाजवायला लागला. धाकट्या मालकांचे डोळे भरून आले होते. "बघा," ते एवढंच म्हणू शकले. "बघा."

खोकी उघडली. सगळ्या जणी जॅकेटं चिमटीने दाबत बसल्या. गाडी चार तास उभी राहिली. टोक मिळालं ते तीनच्या सुमाराला, दोन वर्षांच्या मापाच्या एका जॅकेटात, डाव्या काखेत. सापडलं डावखुरीलाच. मावशींनी ते अर्ध्या सुईला लावलं. जुळलं. ज्या पोराला टोचणार होतं ते आता टोचणार नव्हतं, आणि ते पोर कोण हे त्यांना कधीच कळणार नव्हतं, पण या वेळचं न कळणं बरं होतं. एवढं सुख त्यांना मिळालं. मग त्यांनी रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

हे इथेच संपलं असतं तर मावशींनी ते गिळलं असतं. आठ दिवसांनी बाह्या शिवणारी बाह्यांवाली टेबलाशी आली, इकडेतिकडे बघितलं आणि रुमालाची गाठ सोडली. आत दोन तुटक्या सुया होत्या, पुऱ्या.

"तुकडे आणलेत," ती म्हणाली. आणि मग हळूच, "मावशी, नाव तुमचंच लिहा ना. तुम्हाला कोण काय बोलणारे?"

खरं तर तिला हाकलून द्यायला हवं होतं. पण सुया पुऱ्या होत्या. हाकलली तर पुढच्या वेळी ती यायची नाही, आणि पुढच्या वेळची सुई पुरी असेलच असं नाही. त्यांनी सुया चिकटवल्या आणि नाव लिहिलं, स्वतःचं.

मग खिसेवाली आली. कॉलरवाली आली. चेनवाल्या दोघी एकदमच आल्या. दोन महिन्यांत वहीत अडतीस सुया चिकटल्या, सगळ्या पुऱ्या, नेढ्यापासून टोकापर्यंत, आणि अडतीस वेळा एकच नाव. माल कधी नव्हे इतका चोख जात होता. रोज सकाळी मावशी माइकवर स्वतःचं नाव वाचायच्या, मी चुकले म्हणायच्या आणि सगळ्या जणी टाळ्या वाजवायच्या, आता मात्र अगदी मनापासून. तिसऱ्यांदा काय, तेविसाव्यांदा नाव आलं तरी मावशींना कुणी धागे कापायला बसवलं नाही. पुतळ्याला कोण शिक्षा करतो? फोटोखाली नवी ओळ आली, 'मी चुकले, म्हणायला धैर्य लागतं.' मावशी जाता-येता मान खाली घालायच्या. खरं सांगणं सोपं करायला म्हणून त्यांनी ते टेबल मागून घेतलं होतं. त्यांनी खोटं सोपं करून दिलं होतं, आणि त्याला दुसरी वाटही दिसत नव्हती. कुणाशी बोलावं म्हटलं तर बोलायचं काय? मी खोटी आहे, असं म्हटलं असतं तर त्यावरही टाळ्या पडल्या असत्या.

शेवटी धाकट्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा दिला. फार हळुवारपणे बोलले. "मावशी, दुपारच्या सुट्टीत तुम्ही पोरींचं उसवलेलं शिवून देता, मला कळतंय ते. पण नजर आता साथ देत नाही. हात कापतो. अडतीस सुया, मावशी." त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "तुम्ही आता आराम करा. मानाने निरोप देऊ."

मावशींनी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर अडतीस सुयांमागच्या बायका सांगाव्या लागल्या असत्या, त्यांतल्या काहींची तिसरी वेळ होती. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "टेबलावर कोण बसणार?"

"डावखुरी. गेल्या चार महिन्यांत एकदाही नाव नाही तिचं. नियम मात्र तिलाही सगळ्यांसारखेच, हं. सवलत फक्त तुम्हाला होती."

शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम पाचला होता. मावशींनी दुपारभर डावखुरीला काम दाखवलं. भिंग कसं धरायचं, चिमटा कुठे टेकवायचा, अकरा नंबरची सुई आणि चौदाची सुई डोळ्यांनी कशी ओळखायची. डावखुरी डाव्या हाताने चिमटा धरायची आणि छान धरायची. "तुकडे आणलेस, एवढंच विचारायचं," मावशी म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

"आणि नाव?" डावखुरीने विचारलं. "उद्यापासून नाव कुणाचं लिहू?"

मावशींनी घड्याळाकडे बघितलं. पाचला वीस मिनिटं होती. "आज पाचपर्यंत माझंच लिही," त्या म्हणाल्या. "ज्यांच्याकडे असतील त्यांना आत्ता आणून द्यायला सांग."

हॉलभर कुजबुज गेली आणि टेबलासमोर रांग लागली. केसांतून, डब्यांच्या झाकणांतून, पाकिटांच्या कप्प्यांतून सुया निघाल्या. डावखुरी जुळवत होती, मावशी चिकटवत होत्या आणि भराभर स्वतःचं नाव लिहीत होत्या. समोर खोक्यांवर फुलदाणी ठेवली जात होती आणि कुणीतरी माइकवर एक, दोन, तीन म्हणून बघत होतं. पाच वाजता घंटा झाली. मावशींनी शेवटच्या नोंदीखाली रेघ मारली, सही केली आणि वही डावखुरीकडे सरकवली. सुपरवायझरने त्यावर शिक्का मारला. आता त्या रेघेखाली मावशींचं नाव येऊ शकत नव्हतं.

तेव्हा काजांच्या मशीनवरून डावखुरीची सासू उठून आली. ती रांगेत उभीच राहिली नव्हती. एवढा वेळ तिचा विचार चालला असावा. तिने सुनेकडे न बघता टेबलावर मूठ उघडली.

डावखुरीने विचारलं, "तुकडे आणलेत?"

"आणलेत," सासू म्हणाली. "दुपारी तुटली." मग म्हणाली, "माझं दोनदा येऊन गेलंय नाव."

डावखुरीने तुकडे कागदावर घेतले आणि एकाला एक लावले. सुई पुरी जुळली. तिने ती वहीत चिकटवली, तारीख घातली, वेळ घातली. मग रकान्यापाशी आली. मावशींनी पेन घ्यायला हात पुढे केला, पण पोरीने पेन सोडलं नाही. तिने डाव्या हाताने, एकेक अक्षर नीट काढत, रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. हे तिचं तिसरं.

"अगं," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही जा, मावशी," डावखुरी म्हणाली. "बोलावतायत तुम्हाला."

खरंच बोलावत होते. धाकटे मालक माइकवर त्यांचं नाव घेत होते, खरेपणाबद्दल शेवटचे दोन शब्द सांगा म्हणत होते. मावशींना कुणीतरी हाताला धरून खोक्यांवर चढवलं. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. त्यांना खूप बोलायचं होतं आणि जे बोलायचं होतं त्यातल्या प्रत्येक शब्दाने कुणाचं तरी मशीन जाणार होतं. त्यांनी हात जोडले. त्यावर टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. डावखुरी टेबलाशी उभी राहून वही छातीशी धरून बघत होती. पुढच्या रांगेत तिची सासू होती आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तीच वाजवत होती.